अठरा तास आणि उरलेले सहा

दर वर्षी एप्रिल महिना उजाडला, की महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालये, वसतिगृहे, ग्रंथालये आणि बुद्धविहार यांतून ‘सलग अठरा तास अभ्यास’ हा उपक्रम योजला जातो. पहाटे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या प्रतिमेला वंदन करून मुले-मुली पुस्तके उघडून बसतात आणि मध्यरात्रीच्या सुमारास उठतात. ध्वनिक्षेपकांच्या भिंती उभारून केलेल्या मिरवणुकीपेक्षा जयंतीचा हा प्रकार अधिक शोभणारा आहे, याविषयी दुमत असू नये. वर्षातून एक दिवस शंभर-दीडशे तरुणांनी एका छताखाली निःशब्द वाचत बसावे, हे दृश्यच मुळी आपल्या समाजाने शंभर वर्षांत काय कमावले त्याची साक्ष देणारे आहे.

अडचण या उपक्रमात नाही. अडचण आहे ती त्यातील आकड्यात. एका दिवसाच्या अभिवादनासाठी घेतलेला हा आकडा हळूहळू वर्षभराचा मापदंड होऊन बसला आहे. आपल्या निवासी शाळेतून बाहेर पडून नाशिक, पुणे वा मुंबईच्या महाविद्यालयात गेलेला मुलगा रात्री सात तास झोपला, तर त्याला अपराधी वाटते. संध्याकाळी तासभर खेळलेली मुलगी घरी दूरध्वनीवर ते सांगत नाही. चोवीसांतून अठरा वजा केले, की सहा उरतात. त्या सहांत झोप, आंघोळ, दोन वेळचे जेवण, बसचा प्रवास, कपडे धुणे, रांगेत उभे राहून दाखला काढणे आणि आईशी चार शब्द बोलणे, एवढे सारे बसवायचे असते. हे गणित कागदावरही जमत नाही. मग जे सहज कापता येते ते कापले जाते. प्रथम झोप, नंतर सकाळची न्याहारी, त्यानंतर खेळ आणि शेवटी माणसे.

म्हणून महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या सर्वांगीण स्वास्थ्याचा विचार करताना आरंभ या अठरा तासांपासूनच करणे उचित ठरेल. बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेचा आदर्श आपण मानतो; तर ती विद्यार्थिदशा प्रत्यक्षात कशी होती, हे नीट पाहिले पाहिजे.

१९१३ च्या जुलै महिन्यात बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. बडोदे संस्थानाची शिष्यवृत्ती महिना साडेअकरा पौंडांची आणि मुदत तीन वर्षांची होती. त्यातूनच स्वतःचा खर्च भागवायचा आणि मुंबईत रमाईंकडे पैसे पाठवायचे, असा तो संसार होता. दिवसाचे अठरा तास अभ्यास केल्याचे चरित्रकार सांगतात, ते याच काळाविषयी. पुढे १९२० मध्ये अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी ते पुन्हा लंडनला गेले, तेव्हाची स्थिती याहून बिकट होती. सकाळी पाव आणि चहा असे जुजबी काही खाऊन ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयाची वाट धरायची, दिवसभर तेथे वाचन करायचे आणि रात्री खोलीवर भूक असह्य झाली की पापड भाजून खायचा, अशा हकिकती धनंजय कीर यांच्या चरित्रात आल्या आहेत. खोलीतील सोबती रात्री उशिरा जागा झाला आणि त्याने झोपण्याविषयी सुचवले, तर बाबासाहेबांचे उत्तर असे, की हाती पैसा नाही आणि वेळही नाही, म्हणून शिक्षण लवकरात लवकर संपवणे भाग आहे.

हे उत्तर आपण पुरेसे लक्ष देऊन ऐकलेले नाही, असे मला वाटते. जागरण अभ्यासाला उपकारक आहे, असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. पैसा आणि मुदत या दोन गोष्टी संपत आल्या आहेत, एवढेच त्यात आहे. ज्याच्या मागे पंचवीस वर्षे शिकण्याइतकी वडिलोपार्जित मिळकत होती, अशा सहाध्यायाला तसे जागावे लागले नसते. अठरा तास हा त्यांनी निवडलेला उपाय होता, कारण दुसरा उपाय व्यवस्थेने त्यांच्यापुढे ठेवलाच नव्हता. त्याची किंमतही त्यांनी मोजली. मधुमेह, रक्तदाब आणि मज्जातंतूंच्या वेदना यांनी त्यांचे उत्तरायुष्य व्यापले होते. त्याचे सारे कारण विद्यार्थिदशेतच शोधणे योग्य होणार नाही, परंतु उपासमारीच्या त्या वर्षांनी शरीराचे काही भले केले नसणार, एवढे निश्चित.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. जो माणूस असा उपाशीपोटी शिकला, त्याने मायदेशी परतल्यावर इतरांसाठी काय उभे केले? २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि सहा महिन्यांच्या आत, ४ जानेवारी १९२५ रोजी, या सभेने सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. कपडे, लेखनसाहित्य आणि जेवण यांचा खर्च सभेने उचलला. मुंबईत मोफत वाचनालय चालवले. आणि त्याच्या जोडीला एक हॉकी क्लबही काढला. तरुणांना जुगार आणि दारू यांपासून दूर ठेवावे, हा त्यामागील हेतू होता. सभेच्या इतर कार्यापुढे हा हॉकी क्लब किरकोळ वाटतो आणि म्हणून आपल्या भाषणांत तो येत नाही. परंतु निवारा, अन्न, वस्त्र, पुस्तक आणि खेळ या पाच गोष्टी एका दमात मांडणारी ती यादी पाहिली, तर विद्यार्थ्याच्या स्वास्थ्याची पुरती कल्पना १९२५ मध्येच तयार होती असे दिसते. पुढे पीपल्स एज्युकेशन सोसायटीने २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, तेव्हा नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी सकाळच्या वर्गांची सोय केली. औरंगाबादला १९५० मध्ये सुरू झालेल्या मिलिंद महाविद्यालयाभोवती नागसेनवनात वसतिगृहे उभी राहिली. स्वतःच्या वाट्याला आलेले अठरा तास दुसऱ्याच्या वाट्याला येऊ नयेत, अशीच ही सारी बांधणी आहे.

बौद्ध परंपरेतही या प्रश्नाला जुने उत्तर आहे. सोण कोळिविस नावाचा एक श्रीमंत घरातला तरुण भिक्षू झाला. चालता चालता ध्यान करण्याचा त्याने इतका अतिरेक केला, की कोमल तळवे फाटून चंक्रमणाची जागा रक्ताने माखली. फळ काही मिळेना, तेव्हा घरी परत जावे असा विचार त्याच्या मनात आला. गृहस्थ असताना तो वीणा वाजवीत असे. तथागतांनी त्याला विचारले, की तारा फार ताणल्या तर वीणा नीट वाजते काय, आणि फार सैल सोडल्या तर वाजते काय. ही कथा आपल्या शाळेत प्रत्येकाने ऐकलेली आहे. तिच्यातील एक बारकावा मात्र बहुधा निसटतो. सोणाचे प्रयत्न आळसामुळे निष्फळ ठरलेले नव्हते. तो गटातील सर्वांत कष्टाळू होता. घर सोडून शिकायला गेलेल्या मुलांपैकी मध्येच परतणारी मुले नेहमी उनाडच असतात, असे जे आपण समजतो, त्याला या कथेत आधार नाही.

आता आपल्या शाळेतून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याकडे वळू. निवासी शाळेतील जीवन घंटेवर चालते. पहाटेची घंटा, वंदना, दहा मिनिटे आनापान, व्यायाम, न्याहारी, वर्ग, मैदान, संध्याकाळचा अभ्यास आणि ठरल्या वेळी दिवे मालवणे. या घंटेला शिव्या न घातलेला माजी विद्यार्थी सापडणे कठीण! पण समतोल म्हणून जे काही म्हणतात, ते सारे त्या घंटेत होते. विद्यार्थ्याने ते कमावलेले नव्हते, त्याला ते पुरवले गेले होते. अकरावीला किंवा पदवीच्या पहिल्या वर्षाला तो इंदिरानगरात वा कॉलेज रोडच्या बाजूला तिघांत मिळून खोली घेतो आणि पहिल्याच रात्री लक्षात येते, की दिवे मालवायला कोणी येत नाही. सहा-आठ वर्षे दुसऱ्याने वाजवलेल्या घंटेवर वाढलेल्या मुलाला हे स्वातंत्र्य घरातून येणाऱ्या मुलापेक्षा अधिक अवघड जाते. त्याला कोणी बिघडवलेले नसते, त्याचे फक्त घड्याळ हरवलेले असते.

घड्याळातील पहिली मोडणारी गोष्ट झोप होय, म्हणून तिच्याविषयी थोडे विस्ताराने सांगतो. अठरा ते पंचवीस या वयासाठी रोज सात ते नऊ तासांची झोप योग्य मानली जाते. दिवसा वाचलेले मेंदूत प्रथम कच्च्या नोंदीसारखे राहते. मेंदूतील हिप्पोकॅम्पस नावाचा भाग ती नोंद तात्पुरती सांभाळतो. गाढ झोपेत या नोंदींची पुन्हा उजळणी होते आणि त्या मेंदूच्या बाह्य थरात कायमच्या जागी रुजतात. म्हणजे झोप हा अभ्यास थांबल्यानंतरचा रिकामा वेळ नव्हे. अभ्यासाचा उत्तरार्ध झोपेत घडतो. रात्रभर जागून वाचणारा विद्यार्थी पेरणी करतो आणि पाणी तोडतो. सलग जागरणाचा परिणाम मोजण्यासाठी ऑस्ट्रेलियात केलेले प्रयोग १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. सतरा तास सलग जागे राहिलेल्या माणसाचे हात आणि लक्ष यांचा ताळमेळ रक्तात ०.०५ टक्के मद्यांश असलेल्या माणसाइतका ढासळतो, असे त्यांत आढळले. अठराव्या तासाला उघडलेल्या पुस्तकातून काय हाती लागत असेल, याचा अंदाज यावरून बांधता येईल.

यात वयाचाही भाग आहे. सतरा ते एकवीसच्या दरम्यान शरीराचे अंतर्गत घड्याळ स्वभावतःच उशिराकडे सरकलेले असते; रात्री अकरापर्यंत झोप येत नाही आणि सकाळी डोळे उघडत नाहीत. पालकांनी याला सरसकट आळस म्हणू नये. परंतु हे सरकणे तासा-दोन तासांचे असते. त्याला रात्री दोनपर्यंत नेतो तो उशाशी ठेवलेला मोबाइल आणि दहाच्या पुढचा चहा. चहा-कॉफीतील कॅफिन अर्धे उतरायलाच साधारण पाच तास लागतात. उठण्याची वेळ सुटीच्या दिवशीही एकच ठेवणे, उठल्यावर अर्धा तास उजेडात चालणे आणि मोबाइल खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवणे, एवढ्याने बहुतेकांचे घड्याळ दोन-तीन आठवड्यांत रुळावर येते. उजेडात चालण्यासाठी इंदिरानगरचा जॉगिंग ट्रॅक आहेच, त्याला वर्गणी पडत नाही.

व्यायामाविषयी वेगळे फारसे सांगण्यासारखे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या शिफारशीप्रमाणे प्रौढ व्यक्तीला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल पुरते. बस सोडून पायी महाविद्यालयात जाणाऱ्याची ती आपोआप होते. सांघिक खेळ मात्र शक्यतो सोडू नये; त्यात शरीराइतकाच ओळखी होण्याचा लाभ असतो, आणि नव्या शहरात त्याचे मोल अधिक.

अन्नाची गोष्ट इतकी सोपी नाही, कारण ती पैशाशी बांधलेली आहे. संतुलित आहाराची व्याख्याने विद्यार्थ्यांना पुष्कळ ऐकवली जातात. ताटात धान्य, डाळ, भाजी, फळ आणि दूध किंवा अंडे असावे, हे कोणाला माहीत नसते? प्रश्न असतो तो महिनाअखेरीचा. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ या शैक्षणिक वर्षापासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना सुरू झाली. नाशिकसारख्या महसुली विभागाच्या शहरासाठी तिच्यात वर्षाला भोजनभत्ता २८,०००, निवासभत्ता १५,००० आणि निर्वाहभत्ता ८,०००, असे एकूण ५१,००० रुपये ठरवण्यात आले. भोजनाची रक्कम बारांनी भागली, तर महिन्याला सुमारे २,३३३ रुपये पडतात. आपल्या परिसरातील कोणत्याही खाणावळीत दोन वेळच्या डब्याचा महिन्याचा दर विचारून पाहावा आणि हा आकडा शेजारी मांडावा. त्यातही भत्ता हाती पडतो तो बहुधा सत्र बरेच पुढे सरकल्यावर. मधल्या महिन्यांत विद्यार्थी एक वेळचा डबा बंद करतो. दुपारी वडापाव आणि चहा, रात्री डबा. तो हे घरी कळवत नाही, कारण घरची स्थिती त्याला ठाऊक असते.

या एका वेळच्या डब्याचा फटका मुलींना अधिक बसतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली गेले, की धाप लागते, डोके जड होते, वाचलेले लक्षात राहत नाही. आणि मुलगी समजते, की आपली बुद्धीच कमी. शासकीय रुग्णालयात साध्या तपासणीने हे कळते आणि लोहाच्या गोळ्यांनी बरेही होते. हाती पैसे थोडे असतील, तर बाजरीची भाकरी, मोड आलेली मटकी, पालेभाजी, गूळ-शेंगदाणे आणि त्यावर पिळलेले लिंबू यांत लोह आणि ते अंगी लागण्याची सोय दोन्ही आहेत. जेवणाला लागून चहा घेतला, तर मात्र त्यातील बरेचसे लोह वाया जाते. खोलीतील तिघांनी मिळून एक शेगडी आणि एक कुकर घेतला, तर ही चैन नव्हे.

मनाच्या स्वास्थ्याकडे येताना शब्द जपून वापरावे लागतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि राज्यांत सर्वाधिक संख्या महाराष्ट्राची, १,७६४, होती. अशा प्रत्येक मृत्यूमागे एकच कारण नसते आणि परीक्षेतील अपयश हे तर बहुतेक वेळा शेवटचे निमित्त असते. आपल्या समाजातून गेलेल्या विद्यार्थ्याच्या वाट्याला आणखी एक भार येतो. हैदराबादचा रोहित वेमुला, आणि खानदेशातून मुंबईत पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणासाठी गेलेली, मे २०१९ मध्ये जिचे जीवन संपले ती डॉ. पायल तडवी, ही नावे त्या भाराची आठवण करून देतात. आडनाव विचारणे, गुणांची टक्केवारी विचारून हसणे, प्रयोगशाळेतील गटात न घेणे, या गोष्टी एकेकट्या लहान दिसतात. त्या रोज घडल्या, तर मनुष्य वर्गात जाणे टाळू लागतो. अशा विद्यार्थ्याला ‘मन खंबीर कर’ असे सांगणे म्हणजे दगड मारणाऱ्याला सोडून ज्याला लागला त्याचीच कानउघाडणी करणे होय. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या नियमांनी उच्च शिक्षणसंस्थांत समान संधी केंद्राची तरतूद केली आहे. तक्रार लिहून, तारीख घालून, पोच घेऊन द्यावी. ती एकट्याने न देता सोबत कोणी न्यावे.

बाबासाहेबांच्या कोलंबियातील वर्षांत हा सोबतीचा भागही आहे. तेथे त्यांना नवल भथेना नावाचे पारशी मित्र लाभले. पुढे लंडनच्या शिक्षणासाठी त्यांनी पैशाची मदत केली आणि ही मैत्री जन्मभर टिकली. अठरा तास वाचणाऱ्या माणसाचेही शिक्षण एका मित्राच्या आधाराने पुरे झाले, हे आपण मुलांना सांगत नाही. आपल्या शाळेतील मुले शहरात गेली, की आपल्याच गावच्या, आपल्याच शाळेच्या मुलांत राहतात. त्यात ऊब असते, ती अवश्य असावी. पण एखादा तरी मित्र त्या वर्तुळाबाहेरचा असावा. दिवस वाईट येतो, तेव्हा वर्तुळातील सर्वांवर तो एकदमच आलेला असतो.

एका समजुतीविषयी स्पष्ट लिहिणे भाग आहे. आपल्याकडे मन अस्वस्थ असल्याचे कोणी सांगितले, की ध्यान करण्याचा सल्ला मिळतो. आनापानाचा अभ्यास मन शांत आणि सावध ठेवण्यास मोठा उपयोगी आहे, आणि शाळेत लागलेली ती सवय टिकवावीच. परंतु दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडाली असेल, भूक मेली असेल, कशातच रस वाटेनासा झाला असेल, आपण नसतो तर बरे झाले असते असे विचार येत असतील, तर तो आजार आहे आणि त्याला वैद्य लागतो. ताप आलेल्या मुलाला आपण ध्यानाला बसवत नाही. केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेली मानस’ ही सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही, मराठीतही, विनाशुल्क बोलता येते. हा क्रमांक विद्यार्थ्याच्याच नव्हे, तर त्याच्या खोलीतील सोबत्याच्या मोबाइलमध्येही असावा, कारण गरज पडते तेव्हा तो लावण्याचे त्राण पुष्कळदा ज्याचे त्याला उरत नाही.

पालकांचा आठवड्याचा दूरध्वनी हेही एक साधन आहे. ‘अभ्यास कसा चाललाय?’ या प्रश्नाला ‘चांगला’ याखेरीज उत्तर नसते. ‘काल रात्री कोणाबरोबर जेवलास?’ ‘सकाळी किती वाजता उठलीस?’ असे विचारावे. उत्तरे तीन-चार आठवडे सारखी ‘एकटाच’ आणि ‘अकराला’ अशी येऊ लागली, तर एसटी पकडून भेटायला जावे. जाताना गुणपत्रिकेचा विषय काढू नये.

शेवटी आपल्या उशाशी असलेल्या एका हिशेबाकडे लक्ष वेधतो. इंदिरानगरहून पाथर्डी फाट्यामार्गे महामार्गाला लागले, की त्रिरश्मी डोंगर दिसतो. पांडवलेणी म्हणून लोक ज्याला ओळखतात, त्या लेण्यांच्या दहाव्या विहारात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. काळ सुमारे १,९०० वर्षांपूर्वीचा. विहार कोरून देऊन तो थांबला नाही. त्याने ३,००० कार्षापणांची अक्षयनिधी म्हणून ठेव गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली. त्यांपैकी २,००० वर दरमहा शेकडा एक दराने व्याज, आणि त्या व्याजातून विहारात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी. उरलेल्या १,००० चे व्याज त्यांच्या किरकोळ खर्चासाठी. गणित करून पाहावे: दोन हजारांचे वर्षाचे व्याज दोनशे चाळीस होते आणि वीस गुणिले बारा तेवढेच होतात. गुहेत बसून साधना करणाऱ्यालाही कपडे आणि वरखर्च लागतो, आणि तो कोणाच्या लहरीवर सोडता येत नाही, हे त्या दात्याने दगडावर कोरून ठेवले.

माजी विद्यार्थ्यांपुढे या स्मरणिकेच्या निमित्ताने तेवढाच एक प्रस्ताव ठेवतो. शिष्यवृत्तीचा हप्ता येईपर्यंतचे दोन महिने, हीच आपल्या मुलांची उपासमारीची खिंड आहे. स्वाधारच्याच दराने धरले, तर एका विद्यार्थ्याचा दोन महिन्यांचा भोजनखर्च ४,६६६ रुपये होतो. वीस विद्यार्थ्यांचा ९३,३२० रुपये. प्रत्यक्षातील खाणावळीचे दर पाहता दीड लाख रुपये हाताशी असावेत. ही रक्कम विद्यार्थ्याला न देता थेट खाणावळीला द्यावी. हप्ता जमा झाल्यावर विद्यार्थ्याने ती परत करावी आणि पुढच्या जूनमध्ये तीच दुसऱ्याच्या उपयोगी पडावी. हिशेब दोन माजी विद्यार्थी आणि एक पालक यांनी मिळून ठेवावा आणि दर वर्षी मेळाव्यात वाचून दाखवावा. घेणाऱ्यांची नावे मात्र वाचू नयेत.